कन्सील्ड स्प्रिंकलर आणि फ्लेक्सिबल ड्रॉप: कुठे घ्यावेत, तपासणीत कुठे अडकतात

फॉल्स सीलिंगमधून खाली डोकावणारा स्प्रिंकलर, म्हणजे आगीच्या उष्णतेने उघडून पाणी फवारणारी तोटी, आधी आर्किटेक्टला खुपतो, मग इंटिरिअरवाल्याला आणि शेवटी मालकालाही. त्यावर बाजारात मिळणारा तोडगा म्हणजे कन्सील्ड स्प्रिंकलर. हेड, म्हणजे ती तोटी, छताच्या आत, बाहेर दिसते ती आठेक सेंटिमीटर व्यासाची चपटी चकती. त्याच्या जोडीला हल्ली फ्लेक्सिबल ड्रॉप घेतात, म्हणजे ब्रँच पाइपपासून (छताआड पाणी नेणाऱ्या फांदी-पाइपपासून) हेडपर्यंत येणारी स्टेनलेस स्टीलची लवचीक नळी. हा आढावा या जोडीचा आहे, कुठल्या एका कंपनीचा नाही. मान्यताप्राप्त कंपन्यांच्या मालात जो फरक असतो त्याहून कितीतरी मोठा फरक तो माल कोणी आणि कसा बसवला यात पडतो.

निकाल आधीच सांगून टाकू. ऑफिस, लॉबी, बैठकीच्या खोल्या, हॉटेलच्या खोल्या इथे बेलाशक घ्या. गोदाम, मोठं स्वयंपाकघर, तापणाऱ्या पत्र्याखालचं सीलिंग, गंज चढवणारी हवा असलेली जागा इथे घेऊ नका. आणि जिथे वरचेवर रंगकाम होतं पण रंगाऱ्यावर कोणाची नजर नसते, तिथे साधा पेंडंट, म्हणजे खाली लोंबता, हेड बरा. तो रंगला तर निदान खालून दिसतो तरी.

चकतीमागे काय असतं

चकती काढून पाहिली की चार भाग दिसतात: मुख्य हेड, त्याभोवतीचा धातूचा कप, कपात आटे किंवा खाचांवर बसणारी रिटेनर कडी आणि त्या कडीला सोल्डरच्या ठिपक्यांनी डकवलेली कव्हर प्लेट. नेहमीच्या मॉडेलमध्ये हे सोल्डर ५७ अंश सेल्सिअसला वितळतं आणि चकती गळून पडते. डिफ्लेक्टर, म्हणजे पाणी पसरवणारी चपटी पट्टी, दोन बारीक पिनांवर सरकून छताच्या खाली येतो. त्यानंतर हेडची स्वतःची लिंक (तोंड बंद ठेवणारी, सोल्डरने जोडलेली पट्टी) किंवा काचेचा बल्ब ६८ ते ७४ अंशांच्या आसपास सुटतो आणि पाणी येतं. म्हणजे उष्णतेला एकामागोमाग दोन कुलपं उघडायची आहेत. पहिलं अडलं तर दुसरं उघडून काही उपयोग नाही. चकती जागेवरच राहिली तर पाणी तिच्यावर आपटून खोलीभर पसरायच्या ऐवजी छताच्या आत उसळतं.

चकती आणि सीलिंग यांच्यामध्ये दोन-तीन मिलिमीटरची फट ठेवलेली असते. ही फट म्हणजे कारागिराचा हलगर्जीपणा नव्हे. गरम हवा तिच्यातून आत शिरते, हेडला भिडते आणि कपाला पाडलेल्या खाचांमधून वर निघून जाते. हा प्रवाह चालू राहिला तरच हेड वेळेत उघडतो.

या उत्पादनाचं सगळं मर्म इथेच आहे. मान्यता मिळते ती हेड, कप, चकती आणि फट या चौघांना मिळून. यूएल किंवा एफएम या मान्यता देणाऱ्या अमेरिकी संस्थांच्या प्रयोगशाळेत तपासला जातो तो पूर्ण संच. त्यातलं एक काही बदललं की हातात उरतं ते मान्यता नसलेलं उपकरण, मग हेडवर कितीही शिक्के असोत. तपासणी अधिकारी नेमकं हेच बघतात आणि बहुतेक शेरे याच मुद्द्यावर पडतात.

रंग, पुट्टी आणि हरवलेल्या चकत्या

सर्वाधिक आढळणारा दोष रंगाचा. सीलिंगवर रोलर फिरवताना चकतीवरही हात मारला जातो. रंगाचा थर उष्णता रोखतो आणि कडेला साचलेला रंग चकतीला सीलिंगशी चिकटवून टाकतो. दुसरा परिणाम जास्त वाईट, कारण सोल्डर वितळलं तरी चकती पडत नाही. चकतीवर बहुधा ‘रंगवू नका’ असं छापलेलं असतं, आणि रंगलेल्या छतात तेच अक्षर न अक्षर रंगाखाली सापडतं. रंग हवाच असेल तर ऑर्डर देतानाच रंगक्रमांक कळवून कारखान्यातून रंगवून घ्यायचा. कंपन्या ते करून देतात, मात्र वेळ लागतो, त्यामुळे सीलिंगचा रंग आधी पक्का करावा लागतो.

रंगलेली चकती थिनरने पुसून चालेल का, हा प्रश्न हमखास येतो. चालत नाही. एनएफपीए या अमेरिकी अग्निसुरक्षा संस्थेचं देखभालीचं मानक, एनएफपीए २५, असं सांगतं की कारखान्याबाहेर रंग लागलेला स्प्रिंकलर बदलायचा, साफ करायचा नाही. नुसती चकती रंगली असेल आणि आतला हेड स्वच्छ असेल तर त्याच मॉडेलची नवी चकती बसवून भागतं. हेडच्या लिंकवर रंगाचा शिंतोडा उडाला असेल तर अख्खा हेड गेला.

पुट्टीचा प्रकार त्याहून गुपचूप चालतो. सीलिंगवाल्याने भोक जरा मोठं कापलं, चकतीच्या कडेला उघडी जागा दिसू लागली, मग ती पुट्टीने किंवा सिलिकॉनने बुजवली. बघणाऱ्याला काम सुबक वाटतं, पण गरम हवेचा रस्ता बंद झाला. भोकाचा व्यास डेटाशीटवर, म्हणजे कंपनीच्या माहितीपत्रकावर, मिलिमीटरमध्ये दिलेला असतो. त्याच मापाचा होल सॉ सीलिंगवाल्याच्या हातात ठेवणं, हा या कामातला सगळ्यात स्वस्त विमा. कटरने अंदाजाने कापलेलं भोक पुढे चकतीखाली झाकतच नाही.

हरवलेल्या चकत्यांचीही एक गंमत आहे. दिवे दुरुस्त करायला आलेला माणूस चकती काढतो, कुठेतरी ठेवतो, ती सापडत नाही. मग शेजारच्या मजल्यावरची, दुसऱ्या कंपनीची, मापाने जुळणारी चकती दाबून बसवली जाते. ती बसते. पण तिचं सोल्डर वेगळ्या तापमानाचं असू शकतं, फट कमी-जास्त होते आणि संच मान्यताप्राप्त राहत नाही. चकतीच्या आतल्या बाजूचे तपशील आणि हेडच्या डिफ्लेक्टरवरचा ओळखक्रमांक डेटाशीटशी जुळवून पाहायचे. हा क्रमांक म्हणजे एक-दोन अक्षरं आणि त्यापुढे आकडे. २००१ पासून तो अमेरिकी मानकाने सक्तीचा केला. त्यावरून कंपनी, मॉडेल आणि के-फॅक्टर (हेडमधून किती पाणी जातं त्याचा अंक) तिन्ही कळतात.

तापमान निवडताना

साध्या तापमानाचा हेड, म्हणजे ५७ ते ७७ अंशांच्या गटातला, जिथे छतालगतचं तापमान कधीही ३८ अंशांच्या वर जात नाही तिथेच लावायचा. त्यावर गेलं तर मधल्या गटाचा, ७९ ते १०७ अंशांचा हेड, ज्याला छताशी ६६ अंश चालतात. काचेच्या बल्बच्या रंगावरून गट ओळखता येतो: नारिंगी आणि लाल साध्या गटाचे, पिवळा आणि हिरवा मधल्या, निळा त्याच्या वरच्या. कन्सील्डमध्ये मात्र एक अडचण आहे. आतला हेड खालून दिसत नाही, आणि मधल्या गटाच्या हेडसोबत चकतीही वेगळी, साधारण ७४ अंशांची लागते. हेड ९३ चा आणि चकती ५७ ची, ही चूक सुट्या भागांच्या खोक्यात हात घालून काम करणाऱ्यांकडून होते. वरच्या मजल्यावर सुट्टीत वातानुकूलन बंद असतं आणि ऊन छतावर असतं, तेव्हा ५७ अंशांचं सोल्डर दिवसचे दिवस मऊ होण्याच्या तापमानाजवळ राहतं आणि एखाद्या दुपारी चकत्या जमिनीवर पडलेल्या सापडतात. चकत्या पुन्हा चिकटवणं हा त्यावरचा उपाय नव्हे. गट बदलायचा.

सीलिंगच्या वरच्या पोकळीत हवेचा दाब खालच्या खोलीपेक्षा जास्त असेल, म्हणजे पोकळीतूनच थंड हवा खोलीत सोडली जात असेल, तर कन्सील्ड स्प्रिंकलर लावूच नये. डेटाशीटमध्ये हे स्पष्ट लिहिलेलं असतं आणि तरीही सर्रास नजरेआड होतं. कारण सरळ आहे: कपाच्या खाचांमधून थंड हवा सतत खाली येते आणि आगीची गरम हवा आत शिरूच शकत नाही. पोकळीतून हवा परत ओढली जात असेल तर हा आक्षेप राहत नाही. वातानुकूलनवाल्याला हा एकच प्रश्न डिझाइनच्या टप्प्यावर विचारला की पुढची पंचाईत टळते.

‘क्विक रिस्पॉन्स’ हा शब्दही नीट वाचावा. एनएफपीए १३ या बसवणीच्या मानकाप्रमाणे कमी धोक्याच्या नव्या जागांना जलद प्रतिसादाचे हेड लागतात. घटक म्हणजे हेडमधला उष्णता ओळखणारा भाग. जलद घटकाचा प्रतिसाद-काल निर्देशांक (जितका लहान तितका लवकर प्रतिसाद) ५० किंवा त्याहून कमी असतो, सामान्य घटकाचा ८० किंवा त्याहून जास्त. काही कन्सील्ड मॉडेलमध्ये घटक जलद असतो, पण कपात लपल्यामुळे पूर्ण संचाला जलद प्रतिसादाची मान्यता नसते. कॅटलॉगच्या पहिल्या पानावर ‘फास्ट एलिमेंट’ लिहिलेलं असतं, मान्यतेच्या तक्त्यात ‘स्टँडर्ड रिस्पॉन्स’. खरं मानायचं ते तक्त्यातलं.

पाणी किती, दाब किती

बहुतेक कन्सील्ड हेड के-फॅक्टर ८० चे असतात. मिनिटाला किती लिटर पाणी पडेल हे काढायचं सूत्र साधं आहे: के गुणिले बारमधल्या दाबाचं वर्गमूळ. एक बारला ८० लिटर, अर्ध्या बारला साधारण ५७ लिटर.

इथेच स्थानिक नियमाचा फरक आकड्यांत दिसतो. सर्वसाधारण धोक्याच्या जागेला युरोपातलं ईएन १२८४५ दर मिनिटाला ५ मिमी पाणी, म्हणजे चौरस मीटरला ५ लिटर, मागतं आणि एका हेडला जास्तीत जास्त १२ चौरस मीटर देतं. म्हणजे हेडमागे ६० लिटर, म्हणजे के ८० ला ०.५६ बार. एनएफपीए १३ त्याच प्रकारच्या पहिल्या गटाला ६.१ मिमी मागतं आणि हेडला १२.१ चौरस मीटर देतं. तिथे ७४ लिटर लागतात, म्हणजे ०.८५ बार. खोली तीच, हेड तोच, तरी दाबाची गरज दीडपट. भारतात आयएस १५१०५ हे मानक आहे, इतर देशांत आपापली. आणि बहुतेक ठिकाणी स्थानिक प्राधिकरणाने त्यावर आपल्या दुरुस्त्या चढवलेल्या असतात. म्हणून कोणतं मानक, कोणती आवृत्ती आणि कोणत्या स्थानिक दुरुस्त्या, हे तिन्ही लेखी विचारून घेतल्याशिवाय गणिताला हात लावू नये. ताजी आवृत्ती बाजारात आली म्हणून ती तुमच्या गावी लागू झाली असं होत नाही. पुष्कळ ठिकाणी जुनीच अंमलात असते आणि तपासणी तिच्याप्रमाणेच होते.

मोकळ्या अंतरांचे नियम साध्या पेंडंटसारखेच. एनएफपीएप्रमाणे दोन हेडमध्ये जास्तीत जास्त ४.६ मीटर (कमी व सर्वसाधारण धोक्याला), कमीत कमी १.८ मीटर. भिंतीपासून निदान १० सेंमी आणि जास्तीत जास्त दोन हेडमधल्या अंतराच्या निम्मं. डिफ्लेक्टरच्या खाली ४५ सेंमी मोकळी जागा. कन्सील्डमध्ये हा शेवटचा नियम लोकांच्या डोक्यातून निघून जातो, कारण खालून नुसती एक चकती दिसते आणि तिच्याखाली कपाट छतापर्यंत नेताना कोणालाही चुकल्यासारखं वाटत नाही. लटकते दिवे, पेलमेट, एसीचे ग्रिल, जाहिरातीचे फलक हे सगळे फवाऱ्याच्या आड येतात. नकाशावर हेड आणि दिवे एकाच पानावर काढलेले नसतील तर ते पान आधी काढून घ्या.

लवचीक नळीचा हिशेब

आता फ्लेक्सिबल ड्रॉप. ही नळी खरंच काम सोपं करते. कडक पाइपने ड्रॉप काढायचा तर सीलिंगच्या टाइलच्या मधोमध नेमकं यायला दोन-तीन एल्बो, मोजून कापलेले तुकडे आणि आटे पाडण्याचं यंत्र लागतं. नळी मात्र हाताने वळवून ब्रॅकेटमध्ये अडकवली की झालं. सीलिंग हललं तरी ती सोबत हलते. भूकंपाच्या पट्ट्यात कडक ड्रॉपभोवती सर्व बाजूंना २५ मिमी हालचालीला वाव ठेवावा लागतो, तिथे नळीचा फायदा मोठा. यूएल २४४३ आणि एफएम १६३७ ही तिची मानकं. दोन्हींपैकी कोणतं तुमच्या प्राधिकरणाला किंवा विमा कंपनीला हवं ते आधी विचारा, कारण एकाच नळीला दोन्हीकडे किमान वळणाची त्रिज्या आणि वळणांची कमाल संख्या वेगवेगळी दिलेली असू शकते.

तिची खोट दाबात. नळीच्या आतला पन्हाळीदार पृष्ठभाग आणि वळणं पाण्याला अडवतात. डेटाशीटमध्ये हा अडथळा २५ मिमी पाइपच्या समतुल्य लांबीत (तेवढाच अडथळा करणारा सरळ पाइप किती मीटरचा) दिलेला असतो, आणि मीटर-सव्वा मीटरची नळी कित्येक मीटर पाइपइतकी भरते. समजा ही लांबी १० मीटर आहे. वरच्या उदाहरणातले ७४ लिटर त्यातून गेले तर पाइपमधली दाबाची घट काढायच्या हेझन-विल्यम्स सूत्राने सुमारे ०.२८ बार नळीतच खर्ची पडतो. कडक पाइपचा एक मीटरचा ड्रॉप आणि दोन एल्बो धरले तर हाच आकडा जेमतेम ०.०६ बार. हेडला हवे आहेत ०.८५. म्हणजे गणित कडक ड्रॉपचं, मंजुरी त्याच गणितावर आणि जागेवर मात्र नळ्या बसवल्या, तर सर्वांत दूरच्या हेडला दाब कमी पडणार हे ठरलेलं. पंप चालू आहे, मीटरवर दाब आहे, पण लांबच्या कोपऱ्यात पाणी हवं तेवढं पडत नाही. तपासणीत हे उघड व्हायला फक्त एक कागद पुरतो: गणितातल्या ड्रॉपच्या रकान्यात नळीचं मॉडेल लिहिलंय की नाही.

जास्त लांब नळी घेऊन उरलेली गुंडाळून ठेवणं ही तशीच दुसरी चूक. प्रत्येक वळणाने समतुल्य लांबी वाढते. मागणी देताना दोन-तीन लांब्यांचा साठा घ्या, एकाच लांबीने सगळीकडे भागवू नका.

बसवताना पाहायच्या गोष्टी. नळीचा नट आवळताना दुसऱ्या पान्याने नळी धरून ठेवा, नाहीतर ती पीळ खाते आणि तो पीळ वेल्डवर ताण देत राहतो. टोकाजवळ डेटाशीटमध्ये दिलेला सरळ भाग सोडूनच वळण सुरू करा. ब्रॅकेटचे दोन्ही क्लिप सीलिंगच्या मुख्य पट्ट्यांवर घट्ट बसले पाहिजेत, स्क्रूसकट. नुसतं अडकवलेलं ब्रॅकेट हेड उघडताच पाण्याच्या धक्क्याने वर उचललं जातं आणि डिफ्लेक्टर सीलिंगच्या आत जातो. हेड ब्रॅकेटमध्ये अगदी उभा हवा. जरा तिरका बसला की चकती एका बाजूला टेकते, दुसऱ्या बाजूला फट दिसते आणि मग पुट्टीचा मोह होतो.

पाणी विहिरीचं, तळ्याचं किंवा उघड्या टाकीचं असेल तर गाळाचा प्रश्न येतो. खाली लोंबणाऱ्या ड्रॉपमध्ये गाळ उतरून हेडच्या तोंडाशी साचतो. म्हणून अशा पाण्यासाठी ड्रॉप ब्रँच पाइपच्या वरच्या अंगाने काढून, वळसा देऊन खाली आणायचा. नळीच्या बाबतीत तर हे सोपं आहे, तरीही घाईत बाजूने किंवा खालूनच काढतात.

हेड बसवताना

अर्धा इंची आट्याच्या हेडला टेफ्लॉन टेप फक्त नर आट्यांवर, आणि आवळण्याचा जोर साधारण १० ते १९ न्यूटन-मीटर. त्यापुढे जोर लावला तर सीट वाकते आणि गळती आवळण्यानेच सुरू होते. गळतंय म्हणून आणखी आवळणं हा त्यावरचा सर्वांत वाईट इलाज. पाना त्या मॉडेलचाच. साध्या पाइप रेंचने कप धरून फिरवला की कप वाकतो आणि चकती कधीच सपाट बसत नाही.

चकती वर-खाली करायला बहुतेक मॉडेलमध्ये सुमारे १२ मिमी वाव मिळतो. ऐकायला पुरेसा वाटतो, पण सीलिंगची पातळी कागदावरून जागेवर येईपर्यंत सहज २० मिमी सरकते. कडक ड्रॉप असेल तर निप्पल (पाइपचा आटे असलेला छोटा तुकडा) बदलणं आलं. चकती बसत नाही म्हणून रिटेनर अर्धवट आट्यांवर सोडून देणारे असतात. अशी चकती महिनाभरात खाली येते, किंवा डिफ्लेक्टर पुरेसा खाली उतरत नाही. फ्लेक्सिबल ड्रॉपचा खरा फायदा इथे दिसतो: ब्रॅकेटवर उंची जुळवता येते.

हेडवर प्लास्टिकची संरक्षक टोपी घातलेली येते. सीलिंग आणि रंगकाम होईपर्यंत ती ठेवायची आणि चकती लावण्याआधी काढायची. काढायची राहिली तर चकतीमागे ती कोणालाच दिसत नाही, आणि वेळ आली की हेड टोपीच्या आत गुदमरतो. सोपी पद्धत अशी: काढलेल्या टोप्या पिशवीत जमा करून मोजायच्या आणि नकाशावरच्या हेडच्या संख्येशी ताळा घालायचा. दोन टोप्या कमी भरल्या तर दोन चकत्यांमागे टोप्या आहेत. हाताला येणाऱ्या पुराव्याइतकं दुसरं काही खात्रीचं नाही.

खाली पडलेला हेड वापरायचा नाही, दिसायला धड असला तरी. काचेच्या बल्बच्या हेडमध्ये बल्बमधला छोटा बुडबुडा तपासा. तो दिसला पाहिजे, आणि द्रव गळून बल्ब रिकामा झालेला नसावा.

चाचण्या आणि पुढची वर्षं

सीलिंग बंद करण्याआधी पाइपची दाबचाचणी: एनएफपीएप्रमाणे १३.८ बार, दोन तास, गळती शून्य. हेड आणि नळ्या जोडूनच ही चाचणी व्हायला हवी. प्लग लावून पाइप तपासला आणि नंतर नळ्या जोडल्या, तर सर्वांत जास्त सांधे विनाचाचणीच राहतात. ठेकेदार वेळ वाचवायला हेच करू पाहतात. दाखल्यावर तारखेसोबत ‘हेडसह’ हा शब्द लिहून घ्या. टोकाच्या चाचणी झडपेतून एका हेडइतकं पाणी सोडल्यावर धोक्याची घंटा ९० सेकंदांत वाजते का तेही त्याच दिवशी पाहून घ्यावं.

वार्षिक पाहणी जमिनीवर उभं राहून करायची असते. कन्सील्डची खरी कमजोरी इथेच, कारण खालून दिसते ती चकतीच. तरी फट सर्व बाजूंनी सारखी आहे का, रंगाची कड चिकटली आहे का, चकती त्याच मॉडेलची आहे का, हे टॉर्चच्या तिरप्या उजेडात सहज कळतं. जलद प्रतिसादाच्या हेडचे नमुने एनएफपीए २५ प्रमाणे प्रयोगशाळेत पाठवायचे असतात. जुन्या आवृत्त्यांत पहिली वेळ २० वर्षांनी येत होती, नव्या आवृत्तीत २५, त्यानंतर दर १० वर्षांनी. नमुना एकूण हेडच्या एक टक्का किंवा चार, यातला जो मोठा तो.

सुट्या हेडचं खोकं नियमाने ठेवावंच लागतं. एनएफपीएप्रमाणे ३०० पेक्षा कमी हेड असतील तर ६, हजारापर्यंत १२, त्यापुढे २४, आणि सोबत त्या मॉडेलचा पाना. कन्सील्ड लावले असतील तर तितक्याच चकत्या त्या खोक्यात हव्यात, रंगक्रमांकासह. नियम हेडचा आकडा सांगतो, पण गरज पडते ती चकत्यांचीच. विकणारे मात्र हेडसोबत सुट्या चकत्या क्वचितच सुचवतात.

घेताना पुरवठादाराकडून मान्यतेचा दाखला मॉडेल आणि ओळखक्रमांकासह मागा, त्या संस्थेच्या यादीत स्वतः तपासा. पाणी रोखणारी सील कशाची आहे तेही विचारा. १९९८ मध्ये अमेरिकेत ओमेगा नावाचे ८४ लाख स्प्रिंकलर परत मागवावे लागले होते. मूळ दोष ओ-रिंगच्या सीलमध्ये होता, त्यामुळे आग लागल्यावर हेड उघडेल याची खात्री राहिली नव्हती. टेफ्लॉन चढवलेल्या स्प्रिंग वॉशरची सील असलेला हेड घ्या. जुनी इमारत विकत किंवा भाड्याने घेताना सीलिंगमध्ये कन्सील्ड हेड दिसले तर दोन-चार चकत्या काढून आतल्या डिफ्लेक्टरवरचं मॉडेल आणि साल वाचा.

सीलिंगच्या वरच्या पोकळीचं काय, हा प्रश्न विक्रेता काढत नाही. ईएन १२८४५ प्रमाणे ८० सेंमीपेक्षा उंच पोकळीत वेगळे स्प्रिंकलर लागतात. पोकळीत जळाऊ सामान असेल तर त्याहून कमी उंचीतही. खालचे कन्सील्ड हेड वरच्या आगीला काहीच करत नाहीत. हा खर्च शेवटी निघतो आणि तोवर सीलिंग बंद झालेलं असतं.

भाडेकरूने नंतर पार्टिशन टाकलं की जुनी अंतरं बिघडतात: नवी भिंत हेडपासून ५ सेंमीवर येते किंवा एखाद्या खोलीत हेडच राहत नाही. फ्लेक्सिबल ड्रॉपवर हेड सरकवणं तासाभराचं काम आहे, पण नळीची लांबी किंवा वळणं बदलली की गणित बदलतं आणि सुधारित नकाशा प्राधिकरणाकडे द्यावा लागतो. नळीसोबत येणारा मॉडेल-क्रमांकाचा बिल्ला फाडून टाकू नका, पुढच्या गणिताला तोच लागतो.